हयातीचा दाखला

जांबुघोड्याच्या रस्त्यावरून आणलेला दगड,
नमुना क्रमांक चौदा,
खानविलकरकाकांनी कानाशी धरला,
नखाने टिचकी मारली, म्हणाले,
"फुटायचा नाही हा. रडवेल."

विभागाच्या मागची खोली, बडोद्याचा मे महिना.
हिऱ्याच्या पात्याखालून राखाडी चिखल उडायचा
भिंतीवर, कॅलेंडरवर, काकांच्या चष्म्यावर.
एकतीस वर्षं हेच काम:
दगड इतका पातळ करायचा, की त्यातून उजेड जावा.
काचेवर चारशेची पूड, मग सहाशेची, मग हजारची,
वर नुसता अंगठा,
इंग्रजी आठाचा आकडा गिरवत, गिरवत.
तीस मायक्रॉन म्हणजे किती, ते मोजायला यंत्र नव्हतं.
भिंगाखाली गारगोटीचा पिवळा करडा झाला की थांबायचं.
एक फेरा जास्त झाला
तर काचेवर नुसता डिंक उरतो.

काळा अभ्रक. चकती फिरवली की काकवीसारखा गडद,
अजून फिरवली की गवती चहाइतका फिका.
पानावर पान, पानावर पान,
आणि दर दोन पानांत पोटॅशियम,
खळ लावून धरल्यासारखं.

"आधी हा गाळ होता, काका. मग शेजारी ग्रॅनाइट आला,
ऊन पाणी आलं, पाण्याबरोबर परकी मंडळी.
रुबिडियमला स्वतःचं घर नसतं.
ते पोटॅशियमच्या पाटावर जाऊन बसतं,
अंगाने थोराड, म्हणून पानं जरा फाकतात."

काकांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.
"आमचे खापरपणजोबा पागेत आले, चंदीचा हिशेब लिहायला.
अजून कोणी ऊठ म्हणालं नाही.
पण घरात 'आहे' म्हणणारा मी एकटा.
नातू 'छे' म्हणतो. गोड म्हणतो."

काचेच्या एका कडेला हिरवं पडलं होतं.
सगळं निवताना पाणी पुन्हा फिरकलं असणार:
पोटॅशियम उठलं, मागोमाग रुबिडियम,
बेरियमही बरंचसं.
टायटॅनियमला उठता आलं नाही.
ते हिरव्यात बारीक सुया होऊन राहिलं,
साठ-साठ अंशांत आडवं तिडवं,
गेलेल्या अभ्रकाची वीण जशीच्या तशी धरून.
मी ते किती तरी वेळ बघत बसले.
प्रबंधात त्याला दीड ओळ मिळाली.

काका निवृत्त झाले, त्यानंतरच्या नोव्हेंबरात
मी त्यांच्यासोबत दांडिया बाजारच्या बँकेत गेले.
लाल काचेवर अंगठा. नाही.
धोतराच्या सोग्याला पुसून पुन्हा. नाही.
डावा. तर्जनी. मधलं बोट. नाही.
काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली,
"काका, रेखा ज नथी."

काकांनी अंगठा उजेडात धरला,
काच तपासायचे तसाच, तिरका.
मला विचारलं, "कितव्या पुडीवर गेल्या असतील गं?
सहाशेवर नाही. हजारलाच. हजारची लुच्ची असते,
लागते ते कळत नाही."

माझ्या तक्त्यात प्रत्येक मूलद्रव्याला रकाना आहे,
दशलक्षात किती कण, दोन दशांशांपर्यंत.
मोरीतून वाहून गेलेल्या त्या चिखलात
दगड किती आणि काका किती,
हे कुठल्याच तक्त्यात नाही. मी मोजलं नाही.

मग मुलीने दुसरं यंत्र काढलं, डोळ्यासाठीचं.
काका खुर्चीवर ताठ बसले, पापणी दोन बोटांनी ताणली.
बुबुळाभोवती वयाचं एक कडं असतं ना,
ते मला तेव्हा दिसलं.
काकांनाही माहीत असावं.
"करडं दिसतंय का बेन?" ते म्हणाले,
"मग बास. आता आणखी घासू नका."